दोन झोतांमधली वेळ

युद्धकाळात ब्रिटिश नौदलात रडारचे काम केलेला जॉर्ज पोर्टर केंब्रिजला रसायनशास्त्रज्ञ रोनाल्ड नॉरिश यांच्या हाताखाली आला, तेव्हा तिथे सगळ्यांची एकच अडचण होती. मुक्त मूलके, म्हणजे जोडीदार सुटलेला एकटा इलेक्ट्रॉन बाळगणारे रेणू, नेहमीच्या दिव्याखाली जन्मत तसेच मरत. वर्णपटात दिसण्याइतकी ती साठतच नसत. पोर्टरला रडारमुळे विजेच्या क्षणिक स्पंदांशी खेळायची सवय होती. त्याने दिवाच बदलला.

कपॅसिटरांच्या मोठ्या साठ्यात विजेचा भार भरायचा आणि क्वार्ट्‌झच्या नळीतून तो एका दणक्यात सोडायचा. त्यातून निघणाऱ्या प्रखर प्रकाशझोताने शेजारच्या नळीतले रेणू फुटतात. मग ठरावीक अंतराने दुसरा, लहान झोत त्याच नळीतून लांबीच्या दिशेने जाऊन वर्णपटलेखकाच्या फोटोप्लेटवर पडतो. मधली वेळ बदलत प्रयोग करत गेले की रेणूंच्या तुकड्यांचा जन्म आणि मृत्यू प्लेटांवर क्रमाने उमटतो. १९६७ चे नोबेल नॉरिश, पोर्टर आणि मॅनफ्रेड आयगेन यांना मिळाले. पण या लेखाचा जीव त्या मधल्या वेळेत अडकला आहे.

१९५५ मध्ये पोर्टर आणि त्याचा सहकारी राइट यांनी ॲनिलीनच्या, म्हणजे बेंझीनच्या कड्याला नायट्रोजन जोडलेल्या साध्या अमाईनच्या, वाफेवर झोत टाकला. नायट्रोजनवरचा एक हायड्रोजन सुटला आणि ॲनिलिनो मूलकाचे अवशोषण दिसले. १९६३ मध्ये लँड आणि पोर्टर यांनी द्रावणात आणखी खोल पाहिले. साधे ॲनिलीन पाण्यात प्रोटॉन सोडायला तयार नसते. त्याचा एक इलेक्ट्रॉन गेला की तेच धनभारित मूलक पीएच ७ च्या आसपास प्रोटॉन सोडून देते! आम्लात एक वर्णपट, अल्कलीत दुसरा. मूलक कोणत्या रूपात आहे, हे द्रावणाच्या पीएचवरूनच उलगडते. एका इलेक्ट्रॉनची ही किंमत थक्क करणारी आहे.

नायट्रोजनवर हायड्रोजनच नसेल तर? चारही जागी मिथिल गट असलेल्या पॅरा-फेनिलीनडायअमाईनचे मूलक प्रोटॉन सोडू शकत नाही. एकटा इलेक्ट्रॉन कड्यावर आणि दोन्ही नायट्रोजनांवर पसरून बसतो. १८७९ मध्ये कासिमिर वुर्स्टरने बनवलेला या मूलकाचा निळा रंग चक्क बाटलीत टिकतो.

इतर अमाईन इतके सरळ नसतात. भाभा अणुसंशोधन केंद्रात, ट्रॉम्बेला, ७ एमईव्ही इलेक्ट्रॉनांच्या स्पंदांनी पाणी फोडून त्यांची मूलके तयार करता येतात. पण पाण्यातून निघणारे हायड्रॉक्सिल मूलक उतावळे असते: इलेक्ट्रॉन काढण्याऐवजी ते अमाईनच्या कड्यालाच चिकटते. म्हणून द्रावणात अझाइड घालतात. हायड्रॉक्सिल आधी अझाइडचा इलेक्ट्रॉन घेते, आणि त्यातून झालेले अझाइड मूलक अमाईनचा इलेक्ट्रॉन काढते, कड्याला हात लावत नाही.

इलेक्ट्रॉनऐवजी प्रकाशाने काम करायचे तर वेगळाच घोळ होतो. डायफेनिलअमाईनवर झोत टाकला की दोन्ही कडी एकमेकांना जोडून एक अल्पायुषी संयुग बनते. ६१० नॅनोमीटरच्या सुमाराला त्याचे ठसठशीत अवशोषण असते आणि मूलक म्हणून ते सहज खपून जाते. हा तोतया ओळखायला हवा आत सोडतात. तो ज्या उत्तेजित अवस्थेतून जन्मतो तिला ऑक्सिजन विझवतो. अमाईनची मूलके मात्र ऑक्सिजनला फारशी दाद देत नाहीत. तरीही एकाच पट्ट्यात दोघे मिसळले असतील, तर कोणता भाग कोणाचा हे प्रत्येक विद्रावकात नव्याने तपासावे लागते.