शस्त्र परवाना: आपण मागायचा, की त्यांचा रद्द करायला लावायचा?

गावात अत्याचाराची घटना घडली की दोन-तीन दिवसांत समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मागणी हमखास फिरू लागते: "आम्हाला शस्त्र परवाने द्या." सातारा-सांगलीकडच्या वस्त्यांवर काम करताना ती आमच्या कानावर वारंवार येते. कधी निवेदनात, कधी सभेत, कधी नुसत्या संतापात. मागणीमागचा राग खरा आहे, त्याबद्दल आम्हाला कुणाला उपदेश करायचा नाही. पण ही मागणी कायद्यात आधीच लिहिलेली आहे, आणि तिच्या दोनच कलमे आधी आपल्या जास्त कामाची तरतूद आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून हा लेख.

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. या नियमांतला नियम ३ हा अत्याचार घडण्याआधी राज्य सरकारने काय करायचे, ते सांगतो. पहिले काम म्हणजे जिथे अत्याचार होण्याची शक्यता आहे असा भाग निश्चित करणे. त्यानंतर, गरज असेल तर, त्या भागातील जे लोक अनुसूचित जाती-जमातीचे नाहीत त्यांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरचाकरांचे आणि कौटुंबिक मित्रांचे शस्त्र परवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घेणे. त्याच्या पुढे बेकायदा बंदुका जप्त करून त्यांची निर्मिती रोखणे. आणि मग, जीविताच्या व मालमत्तेच्या संरक्षणासाठी आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शस्त्र परवाने देणे.

क्रम पाहा. आधी त्यांच्या हातातले काढा, मग बेकायदा हत्यारे शोधा, आणि शेवटी गरजच पडली तर यांना द्या. आपण मात्र शेवटचे टोक धरून बसलो आहोत. १९९० मध्ये बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला, त्यामुळे अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्या आपल्या लोकांना हे सगळे संरक्षण लागू आहे. हेही काही ठिकाणी अधिकाऱ्यांना आपणच सांगावे लागते.

आता परवाना देतो कोण? पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी पोलिस आयुक्त. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत आयुक्तालय नाही, त्यामुळे नेहमीच्या बंदूक-पिस्तुलाचा परवाना जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी म्हणून त्यांची कचेरी देते. अर्ज आला की स्थानिक पोलिस ठाण्याचा अहवाल मागवायचा आणि मग निर्णय घ्यायचा. शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम १४ नकाराची कारणे सांगते, कलम १७ परवाना स्थगित किंवा रद्द करण्याचे अधिकार देते. सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता हे कारण त्यात स्पष्ट आहे. कलम १४ मध्ये आणखी एक ओळ आहे, जी आपल्या लोकांनी पाठ करावी: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. भूमिहीन माणसाला "तुझ्याकडे राखण्यासारखे आहे काय?" असे कुणी टेबलापलीकडून विचारले तर ते बेकायदा आहे.

आणि अत्याचार प्रतिबंधाच्या जिल्हास्तरीय दक्षता व नियंत्रण समितीचे अध्यक्ष कोण? तेच जिल्हाधिकारी. बंदुकीची फाइल आणि अत्याचाराची फाइल एकाच माणसाच्या सहीला जातात, पण एक गृहशाखेतून जाते, दुसरी समाजकल्याण खात्यातून, आणि दोघींची गाठ पडतेच असे नाही. आमच्या मते सगळ्या प्रश्नाची मेख इथे आहे.

जिल्ह्याच्या पातळीवरचा हा लगाम वरून कसा सैल होतो, ते पाहण्यासारखे आहे. शस्त्रे हा विषय राज्यघटनेच्या केंद्र सूचीत आहे. कायदा संसद करते; पोलिस आणि सुव्यवस्था मात्र राज्याची. म्हणजे बंदूक किती सहज मिळावी हे दिल्लीत ठरते आणि ती चालल्यावर पंचनामा जतला किंवा पाटणला होतो. १८७८ चा ब्रिटिशांचा शस्त्र कायदाही असाच वरून आला होता. भारतीयांना परवाना आणि गोऱ्यांना सूट, असा त्याचा कारभार होता.

डिसेंबर २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. वर्तमानपत्रांनी ती "कायदा कडक" म्हणून छापली, आणि बऱ्याच अंशी ती कडक आहेही. एका व्यक्तीकडे तीन बंदुका ठेवता येत होत्या, त्या दोनवर आल्या. विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा एक ते तीन वर्षे होती, ती दोन ते पाच वर्षे झाली. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा वेगळा गुन्हा झाला: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मूळ विधेयकात एका व्यक्तीला एकच बंदूक, असे होते. त्याला विरोध झाला. विरोध करणाऱ्यांत पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग होते. नेमबाज, जुनी घराणी, सीमाभागातले शेतकरी अशा सगळ्यांच्या नावाने हरकती आल्या, आणि एकाच्या दोन झाल्या. बंदूकधाऱ्यांचे म्हणणे मांडायला संसदेत माणसे असतात. ज्यांच्या दिशेने ती रोखली जाते त्यांच्या वतीने त्या चर्चेत किती जण बोलले, हा प्रश्न चळवळीने विचारायला हवा होता.

त्याच दुरुस्तीत एक बदल फारशी चर्चा न होता झाला. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. कागदावर ही सोय वाटते. पण नूतनीकरण म्हणजे पोलिस ठाण्याने त्या माणसाकडे पुन्हा एकदा पाहण्याची वेळ. मधल्या काळात त्याच्यावर अट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला का, गावात त्याची दहशत आहे का, हे तपासण्याचा ठरलेला प्रसंग दोन वर्षे पुढे गेला. स्थानिक नियंत्रण सैल झाले ते असे, एका आकड्याने.

दुसरा मार्ग अपिलाचा. जिल्ह्याने किंवा आयुक्तांनी नाकारले तर वर दाद मागता येते. हा अधिकार योग्यच आहे, आपल्या माणसालाही तो आहे. पण पुण्यात काय झाले? पुणे पोलिसांनी एका कुख्यात गुंडाच्या भावाला परवाना नाकारला होता, आणि गृहराज्यमंत्र्यांनी अपिलात तो मंजूर केल्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उघडकीस आले. गदारोळ झाला, प्रत्यक्ष परवाना दिलेला नाही असा खुलासा पोलिसांना करावा लागला. शहराच्या पोलिसांना जो माणूस धोक्याचा वाटतो तो मंत्रालयाला वाटला नाही.

जगात याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. त्या शहराने १९७६ मध्ये पिस्तुलांवर जवळजवळ बंदी घातली होती. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि उरलेले शहराचे नियमही उखडण्यासाठी तिथल्या संसदेत विधेयके येत राहिली. या शहराला संसदेत मताचा अधिकार असलेला एकही प्रतिनिधी नाही, आणि तेव्हा निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची होती. २००९ मध्ये शहराला एक मत देणारे विधेयक सिनेटने मंजूर केले, पण त्याला शहराचे बंदूक कायदे सैल करणारी दुरुस्ती जोडून. मत हवे असेल तर बंदुका घ्या! ते विधेयक पुढे अडकले आणि शहराला आजही ते मत नाही. प्रतिनिधित्व आणि सुरक्षितता यांचा असा सौदा कुणापुढे ठेवला जातो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे मे २०२५ मध्ये आसाम सरकारने काही जिल्ह्यांतल्या "मूळ निवासी" लोकांना सढळपणे परवाने देण्याचे धोरण जाहीर केले. मूळ निवासी कोण, हे सरकारच ठरवणार. अशी योजना उद्या आपल्या राज्यात आली तर पहिल्या रांगेत बौद्धवाडीतला पोरगा उभा असेल, असे ज्याला वाटते त्याने आपल्या तालुक्यात आज बंदुका कुणाच्या घरात आहेत ते आठवावे. बागायतदार, ठेकेदार, कारखान्याच्या राजकारणातले लोक. २०१६ अखेर देशात साधारण ३३ लाख ६९ हजार परवाने होते, त्यांपैकी महाराष्ट्रात ८४ हजारांच्या आसपास. परवाने सढळ झाले तर आधी हीच घरे आणखी सज्ज होतील.

आपल्या माणसांवर हल्ले झाले ते कशाने, हेही पाहू. एप्रिल २००७ मध्ये माण तालुक्यातल्या कुळकजाईत विहिरीच्या वादातून आपल्या एका शेतकरी बांधवाची हत्या झाली. तिथे बंदुकीची गरज पडली नाही, जमाव पुरेसा ठरला. आणि पुढे आरोपी सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले. जून २०२३ मध्ये मिरज तालुक्यातल्या बेडगमध्ये डॉ. बाबासाहेबांच्या नावाची स्वागत कमान पाडली गेली, ती ग्रामपंचायतीच्या कारवाईने. आंबेडकरी कुटुंबे घरांना कुलपे लावून, बिऱ्हाड घेऊन मुंबईच्या वाटेला लागली. घरात एखादे पिस्तूल असते तर कुळकजाईत किंवा बेडगला काय बदलले असते? आम्हाला तरी उत्तर सापडत नाही. जमावासमोर एकट्याच्या हातातली बंदूक बहुधा त्याच्यावरच गुन्हा दाखल व्हायला उपयोगी पडते.

साताऱ्याच्या लोकांना याची एक जुनी आठवण करून द्यायला हवी. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्यात राहिले. सरकारने ज्यांच्या हाती शस्त्र दिले, अशा घराण्याचा मुलगा ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या शाळेत दाखल झाला आणि तरी त्याला वेगळे बसावे लागले. पुढच्याच वर्षी वडिलांना भेटायला निघालेल्या या मुलांना मसूर स्टेशनवर बैलगाडी मिळेना. शस्त्र आणि पगार असूनही गाडीवान बदलला नाही.

उलट बाजूने पाहिले तर परवाना काढून घेणे सहज शक्य आहे. निवडणूक आली की जिल्हास्तरीय समिती यादी तपासते आणि काही दिवसांत बंदुका ठाण्यात जमा होतात. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे समोर आले, आणि गुन्हे दाखल असलेल्यांचे परवाने रद्द करण्याचे काम प्रशासनाने सुरू केले. कायदा तोच होता, अधिकारही तेच होते. दबाव तेवढा नवा होता. बीडमध्ये जे एका खुनानंतर झाले ते खुनाआधी करा, एवढेच नियम ३ म्हणतो.

बेकायदा पिस्तुलांचा प्रश्न याहून मोठा आहे, हे मान्य. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्यांना बळी पडले. मार्च २०२३ मध्ये जत शहरात माजी नगरसेवकाची गोळ्या झाडून हत्या झाली, त्याच वर्षी ४ जूनला सांगलीत मिरज रस्त्यावरच्या सराफी दालनावर भर दिवसा पिस्तुलाच्या धाकाने दरोडा पडला. महाराष्ट्रात येणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या बातम्यांत मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टी हे गाव पुन्हा पुन्हा येते. हा पुरवठा तोडणे पोलिसांचे काम आहे आणि नियम ३ मध्येही ते लिहिलेले आहे.

पोरांसाठी थोडे स्पष्ट बोलतो. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवार, खंजीर, सुरा ही शस्त्र नियमांच्या यादीतली हत्यारे आहेत. शेतीची व घरगुती अवजारे त्यातून वगळली आहेत, म्हणून ऊसतोडीचा कोयता फडात अवजार असतो. तोच रात्री चौकात नाचवला तर महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम ३७ खालचा जिल्ह्याचा बंदी आदेश लागू होतो. तलवारीने केक कापल्याची रील किंवा जयंतीच्या मिरवणुकीतला कट्ट्यासोबतचा फोटो म्हणजे पोलिसांना आयता पुरावा. आपल्या भागातली निम्मी पोरे पोलिस भरती आणि सैन्य भरतीची तयारी करतात. चारित्र्य पडताळणीत असा एक गुन्हा निघाला की पहाटेचे धावणे वाया. बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे, हेही कट्टा "मागवून देणाऱ्या" मित्राला सांगायला हरकत नाही.

ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, साक्षीदार आहे, फिर्यादी आहे, त्याने परवान्यासाठी जरूर अर्ज करावा आणि त्यात नियम ३ चा उल्लेख करावा. पण संघटनेची मागणी म्हणून आम्ही आधी दुसरे काम सुचवू. माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारा: जिल्ह्यात तालुकानिहाय चालू परवाने किती, गेल्या पाच वर्षांत किती रद्द किंवा स्थगित केले, अट्रॉसिटीचा गुन्हा दाखल असलेल्या किती परवानाधारकांवर कारवाई झाली, नियम ३ खाली कोणती गावे निश्चित केली आहेत. नावे कदाचित देणार नाहीत, आकडे नाकारता येणे कठीण आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. आले नाही तर पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे.

जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा घेणे बंधनकारक आहे. तिच्यात आपल्या समाजाचे अशासकीय सदस्य असतात. त्यांना गाठून हे आकडे द्या आणि "परवानाधारक आरोपींचा आढावा" हा विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर लेखी घ्यायला लावा. इतिवृत्तात तो आला की नाही, हे प्रत मागून पाहा.