टर्की आणि डव्ह, दोन्हींसाठी एकच सेमी-ऑटो

टेक्सासला नव्याने आलेल्या मित्राने परवा रेंजवर विचारलं, "दोन्ही शिकारींना एकच शॉटगन चालेल का?" नक्की चालेल!

१२ गेज, ३ इंची चेंबर आणि बदलता येणारे चोक बघा.

डव्ह वेगाने उडतं: इम्प्रूव्ह्ड सिलिंडर चोक, ८ नंबरचे छर्रे. टर्कीला नेम डोक्या-मानेवर: टर्की चोक, ५ नंबर.

सेमी-ऑटोमध्ये गॅसवर चालणारी बंदूक खांद्याला कमी धक्का देते. इनर्शियावाली साफ करायला सोपी.

डव्हसाठी मॅगझिनमध्ये प्लग हवाच. एकूण ३ काडतुसांपेक्षा जास्त मावता कामा नयेत, असा केंद्रीय कायदा आहे.

दुकानात रिकामी बंदूक डोळे मिटून खांद्याला लावा, मग डोळे उघडा. पुढचा मणी थेट नजरेसमोर आला, तर माप बरोबर.

काही शंका असतील तर जरूर विचारा!