बुडबुड्याचें छायाचित्र

आमच्या घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें. त्यांत साबणाच्या पाण्याचा नाद लागला तो मला एकट्याला, आणि तोही शाळेंतून निवृत्त झाल्यावर! सूनबाईंचा प्रथम समज झाला कीं, मामंजी आतां भांडीं घासावयास निघाले. खरा प्रकार असा: गेल्या श्रावणांत पावसामुळें घरीं अडकलेल्या नातवंडांना मीं पपईच्या देठाच्या नळीनें फुगे काढून दाखविले. धाकट्या नातवानें बापाचा कॅमेरा आणून एका फुग्याचें छायाचित्र घेतलें. पाहतों तों चित्रांत फुगा जवळजवळ नव्हताच. मागची न्हाणीघराची भिंत मात्र स्वच्छ आली होती. आम्हां आजा-नातवांस तेथून ईर्ष्या चढली.

पहिल्यानें लहानपणच्या आठवणीनें रिठे भिजविले. फेस पुष्कळ आला, पण रंग हवे तसे वाहतना. मग उकळून निवविलेलें एक पेला पाणी, दोन चमचे भांड्यांचा पातळ साबण आणि एक चमचा ग्लिसरीन असें मिश्रण ठरलें. ग्लिसरीनमुळें पाणी लवकर उडून जात नाहीं. नाशिकच्या वैशाखांतल्या कोरड्या हवेंत फुगा जन्मतांच मरतो. श्रावणांतल्या ओलसर सकाळीं तोच बराच वेळ टिकतो. मागें आईची जुनी काळी चंद्रकळा टांगली. कॅमेऱ्याचा दिवा फुग्यावर सरळ पाडला तर एक पांढरा ठिपका तेवढा उमटतो. म्हणून बाजूस धोतर ताणून बांधलें व दिवा त्याच्या मागें ठेविला. फुगा हा आरसाच. त्यांत धोतराची जेवढी पांढरी छाया पडते, तेवढ्याच भागांत रंग उजळतात. फुगा उडता न ठेवतां ओल्या तारेच्या कड्यावर टेकविला. आणखी एक मौज वाचकांनीं घरीं अवश्य पाहावी: फुग्यांत समोरची खिडकी दोनदां दिसते, एकदां सुलटी व एकदां उलटी. सुलटी पुढच्या फुगीर बाजूवरची, उलटी मागच्या खोलगट बाजूवरची.

हे रंग साबणाचे नव्हेत. फुग्याचा पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, किंवा त्याहूनही पातळ असतो. त्याच्या बाहेरच्या व आंतल्या अशा दोन्ही पृष्ठांवरून प्रकाश परततो आणि त्या दोन लाटा एकमेकींत मिसळतात. जाडीप्रमाणें कोठें तांबडा रंग मावळून हिरवा उठून दिसतो, कोठें उलट. पाणी खालीं ओघळतें, वरचा भाग विरत जातो, आणि रंगांचे पट्टे खालीं सरकतात. शेवटीं माथ्यावर असा भाग उरतो कीं, त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें तीन लक्षांश भागांहूनही कमी. पुढच्या पृष्ठावर परततांना लाट उलटी होते, मागच्यावर होत नाहीं. म्हणून इतक्या पातळ पडद्यावर दोघी एकमेकींस खाऊन टाकतात आणि तो भाग काळा दिसतो. न्यूटननें फुग्यास वारा लागूं नये म्हणून त्यावर काचेचें झांकण घालून हा काळा डाग पाहिला व १७०४ च्या आपल्या प्रकाशावरील ग्रंथांत नोंदला.

बेल्जमचा प्लॅटो तर याहून विलक्षण. १८३२ त त्यानें फिरत्या तबकडीवर चित्रें हालतीं करून दाखविलीं. पुढें त्याची दृष्टि गेली. त्यानंतर जांवई व इतर मंडळी यांच्या डोळ्यांनीं पाहून त्यानें साबणाच्या पडद्यांवर प्रयोग केले व १८७३ त त्यांचा ग्रंथ छापला. फुटत्या फुग्याची चलत्‌चित्रें १९०४ त ल्युसियन बुल यानें पॅरिसला घेतलीं. आमच्या त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनींही 'राजा हरिश्चंद्र' १९१३ त लोकांपुढें आणण्याच्या आधीं, १९१२ त, कुंडींतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन पडद्यावर दाखविली होती. घरांतली क्षुद्र वस्तु दिवसेंदिवस निरखीत बसणारा मनुष्य आमच्या जिल्ह्यास नवा नाहीं.

आतां जें सांगावयाचें तें जरा संकोचाचें आहे. १९८९ सालीं आठवीच्या वर्गांत मी संस्कृतांतल्या क्षणभंगुरतेच्या उपमा समजावून देत होतों. 'बुद्बुद' शब्द येतांच मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, फुटायच्या आधीं बुडबुडा वरून काळा होतो. मीं रोज बघतों." त्याच्या घरीं कपडे धुण्याचा धंदा होता. मुलें हंसलीं. मीं त्यास थट्टेखोर ठरविलें आणि तास संपेपर्यंत उभा केला. बुद्बुद या शब्दाची फोड मीं तीस-पस्तीस वर्षें वर्गांत केली, पण एक बुडबुडा शेवटपर्यंत पाहिला नव्हता.

परवां नातवाचें एकशें सत्तेचाळिसावें चित्र साधलें. खालीं तांबडे-हिरवे पट्टे, त्यांवर रुपेरी पट्टा आणि अगदीं माथ्यावर चंद्रकळेच्याच रंगाचा वाटोळा डाग. क्षणभर वाटलें कीं, फुग्यास भोंकच पडलें. पण कडा शाबूत होती. नातू ओरडला, "आजोबा, काळा झाला, काळा झाला!" आणि मला तो मागचा बांक आठवला.

चित्राची प्रत कागदावर काढून आणिली आहे. त्या वर्गांतल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून ठावठिकाणा कळला. गृहस्थ हल्लीं देवळालीकडे राहतात. पुढल्या रविवारीं स्वतःच जाऊन प्रत त्यांच्या हातीं द्यावयाची आहे. नातूही येतों म्हणतो. काळ्या डागांतही आणखी फिकट-गडद असे दोन प्रकार असतात, ते त्यांना दिसत होते काय, हें त्याला विचारावयाचें आहे.