आयुका : विद्यापीठांच्या हक्काचे संगणन

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील आवारातील आयुका, म्हणजेच आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकी केंद्र, विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये स्थापन केले ते देशभरातील विद्यापीठांच्या उपयोगासाठी. ज्या महाविद्यालयात दुर्बीण नाही आणि मोठा संगणकही नाही, तेथील अध्यापकाला संशोधन करता यावे, हा संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांचा आग्रह होता. तो प्रत्यक्षात यायचा तर ग्रंथालयाच्या बरोबरीने संगणकाची आणि जाळ्याची सोय सर्वांना खुली असणे भाग होते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्याआधी संशोधकांची ई-मेल चालत असे ती एर्नेटवरून, म्हणजे केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये हाती घेतलेल्या शिक्षण-संशोधन जाळ्यावरून, आणि या जाळ्याचे पुण्यातील केंद्र आयुकातच होते. पुढे आयुकातील खगोलशास्त्रज्ञ अजित केंभावी यांच्या पुढाकाराने आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स या पुण्याच्याच कंपनीच्या साहाय्याने 'आभासी वेधशाळा' हा प्रकल्प उभा राहिला; निरनिराळ्या दुर्बिणींनी जमवलेली माहिती एकाच पद्धतीने शोधता व पडताळता यावी, हा त्याचा हेतू, आणि अशा माहितीच्या तक्त्यांवरून आलेख काढणारी 'व्हीओप्लॉट' ही प्रणाली त्यातूनच तयार झाली.

तथापि संगणक हेच येथील खरे उपकरण कसे झाले, हे गुरुत्वीय तरंगांच्या, म्हणजे अवकाश-काळात पसरणाऱ्या लहरींच्या, शोधात सर्वाधिक स्पष्ट दिसते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो या असे तरंग टिपणाऱ्या शोधकांनी नोंदवलेला पहिला संकेत जेमतेम ०.२ सेकंदांचा होता; तेवढ्यात त्याची वारंवारता सुमारे ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढली, आणि शोधकाच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत त्याने घडवलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही सूक्ष्म होता. असा संकेत गोंगाटातून वेगळा काढण्यासाठी, एकमेकांत विलीन होऊन असे तरंग निर्माण करणाऱ्या कृष्णविवरांच्या वेगवेगळ्या वस्तुमानांनुसार तरंगाचे स्वरूप सिद्धांतावरून आधीच मोजून ठेवतात आणि असा प्रत्येक नमुना नोंदींवरून सरकवत नेऊन कोठे जुळतो ते तपासतात. या रीतीला 'जुळणी-गाळणी' म्हणता येईल. नमुने किती आणि किती अंतराने घ्यावेत, यासंबंधीचे पायाभूत काम आयुकाचे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच प्रसिद्ध केले होते, आणि पहिल्या संकेताच्या शोधात सुमारे अडीच लाख नमुने वापरले गेले.

एवढी तपासणी एका संगणकाच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणून आयुकातील 'सारथी' हा समूह-संगणक, म्हणजे वेगवान जाळ्याने जोडलेल्या अनेक संगणकांचा संच, लायगोच्या कामासाठी चालवला जातो. संशोधक दूरवरून प्रवेश-संगणकावर येतो, काम लिहून रांगेत लावतो, आणि रांगेचे नियोजन करणारी प्रणाली मोकळे झालेले संगणक त्याला वाटून देते. वीज, शीतकरण, साठवण आणि जाळे यांपैकी एकही बाब ढिली पडली तर सारे काम खोळंबते. म्हणून ही व्यवस्था अहोरात्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांचा वाटा शोधनिबंधाच्या लेखकांइतकाच मोलाचा मानला पाहिजे.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या लायगो-इंडिया शोधकाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली असून, त्याच्या नोंदींचे विश्लेषण ही आयुकाकडील प्रमुख जबाबदाऱ्यांपैकी एक आहे.