विद्यापीठातील वाय-फाय : खुले जाळे की सुरक्षित जाळे?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांसाठी २०११ साली गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. तोपर्यंत येथील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. आज वरोरा, बल्लारपूर, देसाईगंज येथील व्यापारी कुटुंबांतील मुलेमुली आणि एटापल्ली, भामरागडसारख्या दुर्गम तालुक्यांतील विद्यार्थी एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली शिकतात. अरण्यातील कित्येक गावांत मोबाईलची रेंज बेभरवशाची असते. त्यामुळे परीक्षेचा अर्ज, ‘महाडीबीटी’वरील शिष्यवृत्तीचा अर्ज, शुल्काचा भरणा ही कामे शिक्षणसंस्थेच्या आवारातील वाय-फायवर उरकणे अनेकांना सोयीचे वाटते. या अर्जांत आधार क्रमांक, बँक खाते, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला असा कुटुंबाचा खाजगी तपशील असतो. म्हणूनच कोणत्या जाळ्यावर बसून अर्ज भरला, हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांच्याही काळजीचा आहे.

फरक नेमका कोठे?

मोठ्या शिक्षणसंस्थांच्या आवारात मोबाईलवर बहुधा दोन प्रकारची नावे दिसतात. एकापुढे कुलपाचे चिन्ह असते, दुसऱ्यापुढे नसते. कुलूप नसलेल्या खुल्या जाळ्यात मोबाईल आणि वाय-फाय यंत्र यांच्यातील संदेश सहसा उघडेच हवेतून जातात. जवळ बसलेल्या जाणकाराला ते टिपता येतात. बँकांची अ‍ॅप व संकेतस्थळे आता स्वतःच मजकूर कूटबद्ध करतात, त्यामुळे पासवर्ड लगेच उघडा पडतो असे नाही. खरा धोका बनावट जाळ्याचा आहे. संस्थेच्या खुल्या जाळ्याचे नाव कोणीही आपल्या हॉटस्पॉटला देऊ शकतो आणि खोटे पान दाखवून पासवर्ड किंवा ओटीपी मागू शकतो.

येथे एक गैरसमज सार्वत्रिक आढळतो. जोडणी होताच नाव व क्रमांक विचारणारे पान आले, की जाळे सुरक्षित आहे असे अनेकांना वाटते. ते पान केवळ प्रवेशाची नोंद घेते. हवेतून जाणाऱ्या संदेशांना ते कुलूप लावत नाही.

सुरक्षित जाळ्यांतही दोन प्रकार आहेत. सर्वांना एकच पासवर्ड देणे म्हणजे दुकानाची एकच किल्ली प्रत्येक नोकराच्या हाती देणे होय. एक जण काम सोडून गेला, तरी कुलूप बदलावे लागते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र नाव व पासवर्ड मिळतो आणि प्रत्येक जोडणीची गुप्त किल्लीही वेगळी असते. एखाद्याचा मोबाईल हरवला, तर केवळ त्याचेच खाते बंद करता येते.

२००८ चा धडा

उघड्या दाराची किंमत महाराष्ट्राने पूर्वीच अनुभवली आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे पाठवलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका परदेशी रहिवाशाच्या वाय-फायवरून गेल्याचे निष्पन्न झाले. ऑगस्टमधील पुढचा ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यावरून, तर सप्टेंबरमधील ई-मेल चेंबूरच्या एका खाजगी कंपनीच्या जाळ्यावरून पाठवला गेला. पाठवणारे तिसरेच होते, परंतु चौकशीला सामोरे जावे लागले ते जाळ्याच्या मालकांना. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या व वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याच्या सूचना दिल्या. दुकानात ग्राहकांसाठी वाय-फाय खुले ठेवणाऱ्या व्यापाऱ्यानेही ही घटना ध्यानी ठेवावी.

खुले जाळे मग हवेच कशाला?

खुल्या जाळ्याची बाजूही न्याय्य आहे. प्रवेशासाठी प्रथमच आलेला विद्यार्थी, सोबतचे पालक, पाहुणे व्याख्याते यांच्याकडे संस्थेचे खाते नसते. सुरक्षित जाळ्याची पहिली जोडणी किचकट असते. जुन्या मोबाईलवर ती अडते आणि कंटाळलेला विद्यार्थी खुल्या जाळ्याकडे वळतो. म्हणून दोन्ही जाळी असावीत, पण परस्परांपासून विभक्त. आणि प्रवेशाच्या दिवसांत नवागतांना जोडणी करून देणारा मदतकक्षही असावा.

जगातील विद्यापीठांनी या दिशेने मोठी मजल मारली आहे. नेदरलँड्समध्ये २००२ साली मांडल्या गेलेल्या कल्पनेतून ‘एज्युरोम’ ही सेवा उभी राहिली. एका सहभागी संस्थेतील खात्यावर शंभराहून अधिक देशांतील सहभागी संस्थांत सुरक्षित वाय-फाय मिळते. भारतात तिची व्यवस्था ‘अर्नेट इंडिया’ पाहते. उच्च शिक्षणासाठी बाहेर जाणाऱ्या मुलांना हे नाव परिचित असावे.

पालकांनी काय सांगावे?

पैसे, आधार, बँक, गुण यांच्याशी निगडित प्रत्येक काम सुरक्षित जाळ्यावर करावे. ते नसल्यास स्वतःच्या मोबाईल डेटावर. खुले जाळे वर्तमानपत्र वा वेळापत्रक पाहण्यापुरते ठेवावे आणि काम संपताच मोबाईलमधून ते ‘विसरा’ असे निवडावे, म्हणजे जोडणी आपोआप होत नाही. सुरक्षित जाळ्याशी प्रथम जोडताना मोबाईल प्रमाणपत्राची पडताळणी विचारतो. ती टाळू नये, कारण समोरचे जाळे संस्थेचेच आहे याची खात्री तिनेच होते. आपला पासवर्ड मित्रालाही देऊ नये, कारण त्या खात्यावरून घडलेल्या कृत्याचा जाब प्रथम आपल्यालाच विचारला जातो.

पेढीची तिजोरी कोणासमोर उघडावी, हा विवेक व्यापारी घरांतील मुले लहानपणापासून पाहत आलेली असतात. घराबाहेर शिकायला निघालेल्या मुलाच्या मोबाईलमध्ये आज त्याच घराची खाती असतात. प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात पालकांनी त्याच्यासोबत बसून सुरक्षित जाळ्याची जोडणी करून घ्यावी.