डेटाबेसच्या पोटात (भाग ६) : दर पाच मिनिटांचा ठसका

पोस्टग्रेस सांभाळणाऱ्यांकडे एक तक्रार हमखास येते. सर्व्हर एरवी झपाझप उत्तरे देतो आणि मधूनच काही सेकंद गप्प बसतो. त्या वेळी प्रोसेसर निवांत असतो, डिस्कला मात्र उसंत नसते. हा ठसका बरोबर ५-५ मिनिटांनी लागत असेल, तर पहिला संशय चेकपॉइंटवर घ्यावा.

मागच्या भागात पाहिलेच की, कोणताही बदल आधी 'वॉल' या नोंदवहीत उतरतो आणि ती नोंद डिस्कवर पोचली की व्यवहार पक्का होतो. टेबलाची ८ किलोबाइटची पाने मात्र मेमरीतच बदललेली असतात. ही उधारी चेकपॉइंटला चुकती होते. मूळ मांडणीत त्याची वेळ दर ५ मिनिटांनी येते; नोंदवही १ गिगाबाइटच्या मर्यादेकडे सरकू लागली तर त्याआधीच. फिरत्या तबकडीची डिस्क सलग लिहिताना सेकंदाला शंभराहून जास्त मेगाबाइट उरकते. विखुरलेली पाने लिहिताना तिचा वेग एक-दोन मेगाबाइटवर घसरतो.

पूर्वी ही पाने एकदमच डिस्कवर ढकलली जात. २००८ मध्ये आलेल्या ८.३ आवृत्तीने 'चेकपॉइंट कम्प्लीशन टार्गेट' आणले : दोन चेकपॉइंटमधल्या वेळेच्या किती हिश्शात हे काम पसरायचे, ते सांगणारा आकडा. तो ०.५ होता, २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीत ०.९ झाला. इतका साधा बदल व्हायला तेरा वर्षे का लागावीत, हा प्रश्नच आहे!

पण पोस्टग्रेसने सावकाश लिहिले तरी मधे लिनक्स बसलेला आहे. तो पाने आपल्या मेमरीत ठेवून घेतो आणि ती ३० सेकंद जुनी होईपर्यंत, किंवा उपलब्ध मेमरीचा दहावा हिस्सा भरेपर्यंत, डिस्कला हात लावत नाही. १२८ गिगाबाइटच्या यंत्रावर हा दहावा हिस्सा केवढा होतो, पाहा. शेवटी पोस्टग्रेस 'सगळे डिस्कवर गेले ना?' असे विचारतो, तेव्हा साचलेला ढीग एकदम हलतो. म्हणून जाणकार लिनक्सची ही मर्यादा टक्क्यांऐवजी काहीशे मेगाबाइटवर बांधतात. २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून लिनक्सवर पोस्टग्रेस स्वतःच दर २५६ किलोबाइटला त्याला ढोसतो.

चेकपॉइंटमधले अंतर वाढवले की ठसके विरळ होतात; त्याचा आणखी एक फायदा आहे. चेकपॉइंटनंतर पान पहिल्यांदा बदलले की ते अख्खेच्या अख्खे नोंदवहीत जाते. म्हणजे चेकपॉइंट जितके दाट, तितकी नोंदवही फुगणार. अंतर वाढवण्याची किंमत मात्र सर्व्हर कोसळल्यावर कळते. उठताना त्याला शेवटच्या चेकपॉइंटपासूनचे सगळे बदल पुन्हा लावावे लागतात. पर्यायी सर्व्हर तयार असेल तर अर्ध्या तासाचे अंतर चालून जाते. एकट्या सर्व्हरला १५ मिनिटे पुरेत.

नवी डिस्क मागवण्याआधी लॉग उघडावा. चेकपॉइंट सुरू होण्याचे कारण तिथे 'टाइम' ऐवजी वारंवार 'वॉल' दिसत असेल, तर आधी नोंदवहीची मर्यादा वाढवावी.