मोटारीची नाडी आणि बेळगावची उंची

टर्बोचार्जर हा शब्द एके काळी मालमोटारींच्या चालकांखेरीज फारसा कोणाच्या तोंडी नसे. आता तो घरगुती मोटारींतही येऊन बसला आहे. २०१३ साली फोर्ड इकोस्पोर्ट, २०१७ साली टाटा नेक्सॉन, २०२३ साली मारुती फ्रॉन्क्स अशा टर्बो पेट्रोल इंजिनाच्या गाड्या आपल्याकडे मिळू लागल्या, आणि त्यांबरोबर ग्यारेजांत एक नवा वादही आला. मेस्त्री इंजिनास व्हॅक्यूम गेज लावतात. पुस्तकात अठरा ते बावीस इंच लिहिलेले असते आणि काटा सतरावर थांबतो. ‘रिंगा गेल्या, इंजिन उघडावे लागेल,’ असा निकाल अशा वेळी सहज दिला जातो. कुटुंबाच्या वर्षभराच्या बचतीला कात्री लावणारा हा निकाल मान्य करण्यापूर्वी एक साधी वजाबाकी करावी, असे आम्हांस सुचवावयाचे आहे.

पिचकारीचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या मागे ओढला, तर बोट आत ओढले जाते. पेट्रोल इंजिनात नेमके हेच घडते. गाडी उभी असता हवेच्या वाटेतील झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टन मात्र हवा ओढीतच असतात. त्यामुळे झडपेच्या पुढील नळीत हवेचा दाब उतरतो. बाहेरच्या दाबापेक्षा तो किती कमी, हे पाऱ्याच्या इंचांत दाखविणारे यंत्र म्हणजे व्हॅक्यूम गेज होय. डिझेल इंजिनात सहसा अशी झडप मिटत नाही, म्हणून तेथे ही परीक्षा लागू नाही.

टर्बो म्हणजे तर हवा आत ढकलणारा पंखा. मग तेथे पोकळी कशी, असा प्रश्न साहजिकच पडतो. परंतु तो पंखा धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर फिरतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली पेटंट घेतले ते याच कल्पनेचे. उभ्या गाडीत हे वायू क्षीण असतात व पंखा ढकलण्याजोगा फिरत नाही. म्हणून स्थिर अवस्थेत टर्बो इंजिन साध्या इंजिनासारखेच वागते. समुद्रसपाटीवर सुस्थितीतील इंजिनाचा काटा बहुधा सोळा ते एकवीस इंचांच्या दरम्यान, आणि मुख्य म्हणजे न थरथरता, उभा राहतो.

आता उंचीचा मुद्दा. १६४८ साली पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधील प्युई द दोम हा डोंगर चढला, आणि माथ्यावर पारा सुमारे तीन इंच उतरलेला त्याने पाहिला. उंचावर हवा विरळ, म्हणून तिचा दाबही कमी. दर हजार फुटांस सुमारे एक इंच हा ठोकताळा व्यवहारास पुरतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट, निपाणी सुमारे दोन हजार. इंजिनाच्या नळीतला दाब जवळपास तोच राहतो, बाहेरचा मात्र घटतो. आणि गेज दाखविते ते या दोहोंतील अंतर. म्हणून पणजीत साडेएकोणीस दाखविणारी गाडी चोर्ला घाट चढून बेळगावास आली की सतरा दाखवील, निपाणीत साडेसतरा. गाडी तीच, रिंगा त्याच! इंदूरकरांनी पावणेदोन इंच आणि बेंगळूरकरांनी तीन इंच वजा धरावेत.

काही मेस्त्री गेजाऐवजी संगणकी यंत्र जोडून दाब वाचतात. त्यावर पस्तीस किलोपास्कलच्या आसपासचा आकडा दिसला तर घाबरू नये. तो पूर्ण पोकळीपासून मोजलेला दाब असतो, बाहेरच्या हवेपासून नव्हे. मात्र इंजिन पुरते तापलेले आणि वातानुकूलन बंद असावे. नाहीतर दोन्ही यंत्रांचे आकडे फसवे येतात.

आमच्या मते आकड्यापेक्षा काट्याचे वागणे अधिक बोलके असते. ठरावीक तालाने एकेक झटका खाणारा काटा झडपेच्या दोषाकडे बोट दाखवितो. स्थिर पण पुष्कळच खाली राहणारा काटा हवेची गळती किंवा चुकलेली वेळ सुचवितो. अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबून सोडला असता काटा शून्याजवळ पडून मूळ जागेच्याही वर उसळावा व मग स्थिरावा. तसे झाले तर रिंगांवर आळ घेण्याचे कारण सहसा उरत नाही.

एक गोष्ट मात्र ही परीक्षा सांगू शकत नाही, ती म्हणजे टर्बोची प्रकृती. टर्बोपासून झडपेपर्यंतची रबरी नळी फाटलेली असली तरी उभ्या गाडीत काटा बहुधा निर्दोष दिसेल, कारण त्या भागात तेव्हा साधाच दाब असतो. निपाणीजवळचा तवंदी घाट भरल्या गाडीने चढताना मात्र फुसफुस ऐकू येईल आणि जोर ओसरेल. सॅनफोर्ड मॉस याने १९१८ साली आपल्या टर्बोची परीक्षा घेण्यासाठी विमानाचे इंजिन अमेरिकेतील पाइक्स पीकच्या चौदा हजार फुटांच्या माथ्यावर नेले होते, तेही विरळ हवेत इंजिनाचा जोर टिकतो की नाही हे पाहण्यासाठीच. तेव्हा गाडी ग्यारेजात तपासून झाली की मेस्त्रींना शेजारी बसवून एकदा घाटापर्यंत न्यावी, आणि येताना कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: काटा किती, गाव कोणते, इंजिन तापलेले होते की नाही.